नाडीयंत्राच्या पोटात

डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता एक भलंमोठं सभागृह डोळ्यांपुढे आणा. खेळांच्या स्पर्धा होतात तसलं. वर पत्र्याचं छत, जमिनीवर पिवळ्या-पांढऱ्या रेघा, एका टोकाला बास्केटबॉलची जाळी. आज मात्र तिथे चेंडू नाही की शिट्टी नाही. खुर्च्या मांडल्यात आणि त्या पुरल्या नाहीत म्हणून माणसं भिंतींना टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून, एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून उभी आहेत. समोर व्यासपीठ, त्यावर टेबल, टेबलावर लॅपटॉप. लॅपटॉपमधून एक जाडजूड वायर निघते आणि ताटाएवढ्या तांब्याच्या चकतीला जाऊन चिकटते. मागे मोठा पडदा. लॅपटॉपवर जे दिसतं तेच पडद्यावर.

चकतीवर एका काकूंनी हात ठेवलाय. लॅपटॉपशी बसलेला पांढऱ्या सदऱ्यातला शिष्य त्यांचं नाव टाइप करतो. पडदा निळा होतो, मग हिरवा होतो, आणि स्पीकरमधून घोगरा आवाज येतो.

"कंबर. जुना भार उतरवा."

"अगंबाई! कंबरच!" काकू किंचाळल्या. "दोन पायऱ्या चढवत नाहीत हो मला!"

सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

आता डोळे उघडा आणि या गर्दीतली एक मुलगी शोधा. रांगेत वडिलांच्या मागे उभी आहे, सातवीत आहे, आणि आख्खं सभागृह टाळ्या वाजवत असताना हिचे दोन्ही हात खिशात आहेत. घरात तिला टिचकी म्हणतात. बोटाने मारलेली टिचकी कशी, लागते थोडीच, पण माणूस दचकतो. तिचे प्रश्न तसेच असत. तिच्या पुढे वडील, वडिलांचा हात धरून तिचा धाकटा भाऊ गोटी. गोटी पहिलीत. त्याच्या रक्तात साखर वाढायची. शरीराला साखर वापरायला जे इन्सुलिन लागतं, ते त्याच्या पोटात तयारच होत नव्हतं. म्हणून रोज, प्रत्येक जेवणाआधी, त्याला सुई टोचावी लागायची.

आई दुसऱ्या शहरात नोकरीला, सुट्टीत घरी यायची. त्यामुळे सुई टोचायचं काम बाबांचं. बाबांचं किल्ल्या बनवायचं छोटं दुकान होतं. कसलंही गंजलेलं कुलूप असो, बाबांचा हात त्यावर स्थिर. पण गोटीचा दंड पुढे आला की तोच हात थरथरायचा. गोटी रडायचा आणि म्हणायचा, "बाबा, आज नको ना." बाबा रोज टोचायचे आणि रोज नंतर दुकानात जाऊन गप्प बसायचे. आता सांगा, अशा माणसाला कुणी सांगितलं की सुईशिवाय बरं होतं, तर तो रांगेत उभा राहणार नाही का?

"बाळा, काय होतं रे तुला?" रांगेच्या कडेने फिरणाऱ्या एका बाईंनी गोटीच्या गालाला हात लावला. सगळे त्यांना पट्टीताई म्हणत. आवाज लोण्यासारखा. हातात पांढऱ्या कागदी पट्ट्यांची गुंडाळी.

"साखर आहे," बाबा म्हणाले. "रोज टोचावं लागतं."

"अरेरे, एवढ्याशा जिवाला! दे बोट. ही शुद्धीची पट्टी. हिच्याशिवाय यंत्राला नाडी लागत नाही हो." आणि त्यांनी गोटीच्या डाव्या हाताच्या तर्जनीला पट्टी गुंडाळली. टिचकीने हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुला कशाला गं? तू तर ठणठणीत दिसतेस."

व्यासपीठावर मधोमध खुर्चीत बसले होते बीजमहाराज. गुळगुळीत डोकं, गुळगुळीत हसू, कानाशी माइक.

"हे यंत्र मी बनवलं नाही!" ते म्हणाले. "मी कोण बनवणार? मी समाधीत बसलो आणि हे यंत्र उतरलं. याच्या पोटात शब्द नाहीत. वाक्यं नाहीत. याच्या पोटात फक्त बीज आहे! एक एक अक्षर! सगळं विश्व एका अक्षरात! मानवाची बुद्धी तिथे पोचत नाही. नाही पटत? या! पेनड्राइव्ह ठेवलेत तिथे. फुकट न्या. यंत्र घरी न्या, उघडा, फोडा, वाचा! मोठमोठे वाचायला गेले आणि हात टेकून आले. साहेब, सांगा की जरा!"

पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनियर काका. त्यांच्या शब्दाला वसाहतीत वजन होतं.

"मी स्वतः उघडून पाहिलं," ते म्हणाले. "आत ए, बी, सी, एए, एबी. बाकी काही नाही. पानंच्या पानं. मी आयुष्यभर हिशोब आणि नकाशे वाचले. खरं सांगतो, कुठलाही माणूस असं लिहिणार नाही."

"माणूस लिहिणार नाही!" महाराजांनी वाक्य उचलून पुन्हा सभेवर फेकलं. पुन्हा टाळ्या.

मग गोटीचा नंबर आला. त्याने घाबरत चकतीवर हात ठेवला. शिष्याने नाव टाइप केलं. पडद्यावरची लुकलुकणारी उभी रेघ नावापुढे टुकटुक सरकली. निळा, हिरवा, घोगरा आवाज.

"रक्तात गोडवा अडकला आहे. भीती सोडा."

बाबांचे डोळे भरून आले. महाराज पुढे झुकले. "पुढच्या रविवारी दुसरी बैठक. दुसऱ्या बैठकीत यंत्र निकाल देतं. दोष गेला म्हणालं, की सुई फेकून द्यायची. बाप आहेस ना तू? मग धीर धर."

घरी येताना बाबा गोटीला खांद्यावर घेऊन चालत होते. "आता आठच दिवस," ते त्याला म्हणाले. "रविवारी यंत्र हो म्हणालं की सुई बंद."

"खरंच बंद?" गोटीने विचारलं.

"खरंच."

टिचकी चालता चालता थांबली. डॉक्टरबाईंनी तिच्या समोरच सांगितलं होतं: याची सुई बंद झाली तर काही दिवसांत हा बेशुद्ध पडेल, आणि मग कदाचित उठणार नाही. तिच्या खिशात एक पेनड्राइव्ह होता. फुकट न्या म्हणाले होते ना? तिने नेला.

*

वरच्या मजल्यावर मावशी राहायची. आईची धाकटी बहीण. एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. टिचकी पेनड्राइव्ह घेऊन गेली तेव्हा मावशी जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसली होती.

"मावशी, यात एक यंत्र आहे. कुणालाच वाचता येत नाही म्हणे. तुला येईल?"

"मला विचारू नकोस," मावशी म्हणाली. "तुला येईल. बस. मटार सोल, तोवर मी लॅपटॉप आणते."

पेनड्राइव्हवर एकच फाइल निघाली. मावशी तिच्याकडे बघून हसली. "ही जावाची फाइल. जावा ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा. माणूस लिहितो तेव्हा ती बरीचशी वाचण्यासारखी असते. पण यंत्राला आपलं लिहिणं चालत नाही. म्हणून ते दळून त्याचा बाइटकोड करतात. या फाइलमध्ये तो दळलेला बाइटकोड आहे."

"पिठाचे परत गहू होतात?"

"गव्हाचे होत नाहीत. याचे होतात, बऱ्यापैकी. त्याला डिकंपाइल करणं म्हणतात. हे बघ, हे एक साधन. ओपन सोर्स आहे, म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांनी आतलं सगळं लिखाण जगापुढे उघडं ठेवलंय. कुणीही घ्या, वापरा, तपासा. ओढ ती फाइल यात."

टिचकीने फाइल ओढली. खिडकीत ओळीच ओळी उमटल्या. तिने वाचलं आणि तिचा चेहरा पडला. ए. बी. सी. एए. एबी. इंजिनियर काका म्हणाले होते अगदी तसंच.

"मावशी, हे खरंच तसं आहे गं."

"आहे खरं. माणसाने असं लिहिलं नसणार, हे काकांचं बरोबर आहे. आता गंमत बघ." मावशीने एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्यात एक नाव होतं 'गोटीचं वय', एक होतं 'वय वाढव', एक होतं 'केक काप'. ती म्हणाली, "हे आपलं लिखाण. आता याच साधनात दुसरं एक बटण आहे, ते दाब."

टिचकीने दाबलं. मग तोच प्रोग्रॅम पुन्हा उघडला. 'गोटीचं वय' गायब. तिथे 'ए'. 'वय वाढव' झालं 'बी'. 'केक काप' झालं 'सी'.

टिचकी खुर्चीतून उठलीच. "हे तर बीजमहाराजांचं!"

"बघ, तू समाधीत न बसताच उतरलं," मावशी म्हणाली. "याला ऑबफस्केट करणं म्हणतात. जिभेची कसरत आहे, सोडून दे. आपण म्हणू नावं पुसणं. मी कंपनीत हेच करते. आमचा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी त्यातली नावं पुसते, म्हणजे कुणी सहज उचलून नक्कल करू नये. दुकानदार शटर ओढतो तसं. त्यात वाईट काही नाही. पण शटर ओढून वर म्हणायचं की आत देव बसलाय, हे वाईट."

"पण नावंच पुसली तर वाचायचं कसं?"

मावशी मटाराच्या शेंगा एकीकडे सारत म्हणाली, "आपल्या घरातली नावं पुसू. एक बाई ए. एक बाबा बी. एक मुलगा सी. एक मुलगी डी. आता ऐक. 'सी रडतो. बी त्याला सुई टोचतो. डी विचारते, का?' ओळख."

"डी मी!" टिचकी म्हणाली. मग थोडं थांबून, "कोण काय करतं ते तर दिसतंच की."

"झालं तर! नाव पुसता येतं, करणी पुसता येत नाही. आणि आणखी एक. घरातल्या घरात तू कुणालाही काहीही म्हण. पण दवाखान्याला फोन करायचा झाला तर?"

"खरा नंबर लावावा लागणार."

"तसंच या प्रोग्रॅमचं. स्वतःच्या वस्तूंना तो ए-बी म्हणेल. पण कॉम्प्युटरकडून काही हवं असेल, वायरीतून काही वाचायचं असेल, आवाज काढायचा असेल, तर जावाची ठरलेली खरी नावंच घ्यावी लागतात. ती पुसली तर यंत्राला हाक ऐकूच जाणार नाही. आता सांग, नाडी बघणाऱ्या यंत्रात तू पहिल्यांदा काय शोधशील?"

"तांब्याची चकती," टिचकी म्हणाली. "वायरीतून कोण वाचतंय ते."

"शोध."

तिने शोधलं. मावशीने वायरीतून काही वाचायचं तर कुठली नावं लागतात ती एका कागदावर लिहून दिली आणि टिचकी एकेक शोधत गेली. पहिलं नाही. दुसरं नाही. शेवटचंही नाही.

"मावशी, यंत्र चकतीकडे बघतच नाही! वायर नुसतीच चिकटवलीय!"

"मग ते कुणाकडे बघतं?"

आता टिचकी ओळींना डोळे लावून बसली. मावशी मध्ये मध्ये एखादा शब्द समजावून द्यायची, उत्तर मात्र देत नव्हती. वाटाणे सोलून झाले, शिजले, ताटात आले, तरी टिचकी हलली नाही.

"इथे नाव घेतलंय," ती बोट ठेवून म्हणाली. "मग नावाची लांबी मोजलीय. मग नावाच्या शेवटच्या मोकळ्या जागा कापल्यात. पुन्हा लांबी मोजली. मग वजाबाकी... मावशी, नावानंतर किती वेळा स्पेस दाबली ते मोजतंय! आणि तेवढ्या नंबरचं वाक्य या खालच्या यादीतून काढतंय!"

यादीतली वाक्यं पुसलेली नव्हती. महाराजांच्या साधनाने फक्त नावंच पुसली होती. डोकं, मान, कंबर, पोट, मोतीबिंदू, गोडवा... दहा वाक्यं होती.

"दहा का?" मावशीने विचारलं.

टिचकीने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग सावकाश म्हणाली, "पट्टी. गोटीच्या डाव्या हाताच्या तर्जनीला बांधली होती. बाबांनी साखर म्हटल्यावर. बोटं दहा, आजार दहा. पट्टीताई विचारून घेतात आणि त्या त्या बोटाला पट्टीची खूण बांधतात! शिष्य बोट बघतो आणि तेवढ्या स्पेस दाबतो. म्हणून पडद्यावरची ती लुकलुकणारी उभी रेघ नावापासून लांब लांब सरकत होती!"

"आणि दुसरी बैठक?"

टिचकीने ती ओळ शोधली. ती दोनदा वाचली. पहिल्या बैठकीसाठी निदान मोजणी तरी होती. दुसऱ्या बैठकीची खूण केली की प्रोग्रॅम काहीच बघत नव्हता. नाव नाही, स्पेस नाही, 'जर' नाही, 'तर' नाही. सरळ एकच वाक्य: दोष गेला. औषधं बंद करा. शांत झोपा.

"म्हणजे कुणीही गेलं तरी..."

"कुणीही," मावशी म्हणाली.

*

बाबा ऐकायला तयार नव्हते. दुकानात गोटी कानशीच्या डब्याशी खेळत होता आणि बाबा किल्ली घासत होते. टिचकीने सगळं सांगितलं, मावशीने लॅपटॉप पुढे धरला.

"भाऊजी, मी दाखवते. पाच मिनिटं."

"तू घरी आणलेली ती नक्कल आहे," बाबा म्हणाले. "तिच्यात महाराज नाहीत. महाराज शेजारी असतात तेव्हा यंत्र जागं होतं."

"बाबा, पण यंत्र चकतीकडे बघतच नाही."

"तुला काय कळतंय?" बाबांनी कानस खाली आपटली. "तू सुई टोचतेस त्याला? रोज माझ्याकडे बघून रडतो तो. माझ्याकडे! आणि एक माणूस म्हणतो बंद होईल, तर तुम्हाला त्याचं कुलूपच फोडायचंय."

टिचकीचा आवाज चढला. "सुई मलाही नकोय, बाबा. पण गोटी हवाय."

बाबांनी कानस पुन्हा उचलली. शेवटी ते म्हणाले, "तिथे, त्यांच्यासमोर, त्यांच्या यंत्रावर खोटं ठरव. मग मानीन. नाहीतर रविवारपासून सुई नाही."

"चालेल," टिचकी म्हणाली.

*

रविवारी सभागृहात आणखीच गर्दी. टिचकी रांगेत शिरली आणि पट्टीताई दिसताच पोट धरून वाकली.

"काय गं, काय झालं?"

"पोट दुखतं हो. कळाच येतात."

"अरे देवा! दे बोट." पट्टी उजव्या करंगळीला बसली. पट्टीताई पुढे गेल्या. टिचकीने पट्टी सोडवली आणि डाव्या अंगठ्याला गुंडाळली. बाबा हे शेजारी उभं राहून बघत होते.

नंबर आला. टिचकीने चकतीवर डावा हात ठेवला. शिष्याने अंगठ्याकडे नजर टाकली आणि नाव टाइप केलं. पडद्यावरची उभी रेघ नावापासून टुकटुक सरकत गेली. निळा. हिरवा.

"मोतीबिंदू. जुनं पाहणं सोडा."

मग मागून कुणीतरी फिदकन हसलं. "सातवीतल्या पोरीला मोतीबिंदू?"

शिष्याने महाराजांकडे बघितलं. महाराज हसले, पण हसू जरा उशिरा आलं. "अहो, हसता काय! हा येणारा मोतीबिंदू! यंत्र पुढचं बघतं! पन्नास वर्षांनी ही मुलगी माझी आठवण काढील!"

काही माना डोलल्या. कंबरवाल्या काकूंनी हातही जोडले.

"मग माझं पोट कुठे गेलं?" टिचकीने विचारलं. माइक नव्हता, पण आवाज छतापर्यंत गेला. "पट्टीताईंना मी पोट सांगितलं. त्यांनी पट्टी करंगळीला बांधली. मी ती अंगठ्याला लावली. तेवढ्याने माझा आजार पोटातून डोळ्यांत गेला!"

"पोरी, संशय हा मनाचा..."

"काकू, तुमची कंबर यंत्राने ओळखली ना? त्याआधी पट्टीताईंना कुणी सांगितली होती?"

काकूंनी जोडलेले हात खाली घेतले. "मीच की," त्या हळूच म्हणाल्या. "बोलता बोलता..."

"दहा बोटं, दहा आजार. हे नावापुढे तेवढ्या मोकळ्या जागा टाइप करतात. त्या दिसत नाहीत, पण ती लुकलुकणारी रेघ बघा, ती सरकते. पुढच्या माणसाच्या वेळी सगळ्यांनी फक्त रेघ बघा!"

सगळ्यांच्या नजरा पडद्यावर गेल्या. शिष्याचे हात मांडीवर आले आणि तिथेच राहिले.

महाराजांचा आवाज करडा झाला. "साहेब! सांगा या पोरीला! आत काय आहे ते तुम्ही पाहिलंय!"

इंजिनियर काका उठले. मागच्या भिंतीशी उभी असलेली मावशी म्हणाली, "काका, तुमचं खरं होतं. माणसाने तसं लिहिलं नव्हतं. नावं पुसायचं साधन मिळतं, फुकट. त्याने पुसलं. पण ए आणि बी पुढे काय करतात ते तुम्ही वाचलं नाहीत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही वाचलं," ते म्हणाले. "पहिल्या पानावरच दिपलो. पूल असता तर असा पास केला नसता मी." आणि ते व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागले. "ऊठ रे बाळ. मी बसतो लॅपटॉपवर."

"यंत्राला परका हात चालत नाही!" महाराज आडवे आले.

"मानवाने उघडावं, फोडावं, असं तुम्हीच म्हणाला होतात," काका शांतपणे म्हणाले आणि त्यांना वळसा घालून खुर्चीत बसले. "चला. कोण आहे दुसऱ्या बैठकीला?"

टिचकीने बाबांकडे बघितलं. आता सगळं बाबांच्या हातात होतं आणि त्या हातात गोटीचा हात होता. बाबा व्यासपीठावर चढले. गोटीने चकतीकडे हात नेला.

बाबांनी तो मागे घेतला. मग खिशात हात घातला, दुरुस्तीला आलेलं एक जाड पितळी कुलूप काढलं आणि चकतीवर ठेवलं.

"हे माझं कुलूप," ते म्हणाले. "याची दुसरी बैठक लावा."

"कुलपाला नाडी असते का, मूर्खा?" महाराज ओरडले.

"नसते. मग यंत्राला तसं म्हणू द्या."

काकांनी टाइप केलं: कुलूप. दुसऱ्या बैठकीची खूण केली. बटण दाबलं. निळा. हिरवा. घोगरा आवाज आला.

"दोष गेला. औषधं बंद करा. शांत झोपा."

आधी एक मूल हसलं. मग त्याची आई. मग हसण्याचा असा लोंढा आला की पत्र्याचं छत थडथडलं. पण टिचकी हसली नाही. तिने बाबांकडे बघितलं. बाबा गोटीला छातीशी घट्ट धरून उभे होते आणि त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता. ते वाक्य आज कुणासाठी यायचं होतं, हे त्या सभागृहात त्यांच्याएवढं कुणालाच कळलं नव्हतं.

महाराज बाजूच्या दारातून निघाले. पट्टीताई आणि शिष्य सामान घेऊन मागोमाग. सगळ्यांनाच पटलं असं समजू नका. दोघं-तिघं म्हणालेच, यंत्र बिघडलं असेल, महाराज मात्र सच्चे. एकाने विचारलं, आता पुढची बैठक कुठे? दारातली गाडी पुढच्या गावाच्या रस्त्याला लागलीसुद्धा होती.

मुलांनो, मी तुम्हाला जावा शिका असं सांगायला बसलेलो नाही. शिकलात तर आनंद आहे. सांगायचं एवढंच की एखादी गोष्ट समजली नाही, तर तिला एकच नाव द्या: न समजलेली गोष्ट. तिला चमत्कार म्हणायची घाई करू नका. आणि कुणी म्हणालं, हे तुमच्या बुद्धीपलीकडचं आहे, तर त्याला नम्रपणे विचारा, तुम्ही मोजून पाहिलंत का? औषध बंद करा म्हणणारा बाबा असो, पुढारी असो, नाहीतर हुशार वाटणारं यंत्र असो, विचारा, कशावरून? उत्तर देण्याऐवजी तो चिडला, तर तुम्ही योग्य जागी बोट ठेवलंय असं समजा. आणि डॉक्टरांनाही विचारा. खरा डॉक्टर चिडत नाही, बसून समजावतो.

घरी जेवणाची वेळ झाली होती. बाबांनी सुई भरली. गोटीने दंड पुढे केला आणि टिचकीला विचारलं, "दुखेल?"

"दुखेल," टिचकी म्हणाली. "थोडंसं. मग जेवायचं."

गोटी रडला. बाबांनी टोचलं, त्याला कुशीत घेतलं, आणि आज दुकानात निघून न जाता त्याच्याशेजारीच जेवायला बसले.

टिचकीने चार घास कसेबसे गिळले आणि वर पळाली. मावशीच्या लॅपटॉपवर ते सगळं लिखाण अजून उघडं होतं. ए, बी, सी, एए, एबी.

"मावशी, याला पुन्हा नावं देता येतात? मराठीत?"

"येतात. जावाला देवनागरी चालते. कशाला पण?"

"ती गाडी पुढच्या गावाला गेलीय. तिथेही ते पेनड्राइव्ह वाटतील. तिथल्या इंजिनियर काकांना पहिल्याच पानावर कळलं पाहिजे. मी नावं घालते, तू ते इंटरनेटवर टाक. सगळ्यांना उघडं."

मावशीने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

टिचकीने पहिला 'ए' निवडला आणि लिहिलं, 'मोकळ्या_जागा_मोज'. साधनाने आख्ख्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे तो 'ए' होता तिथे तिथे ते नाव घातलं. मग 'बी'. तिथे लिहिलं, 'बोटावरून_आजार_सांग'. मग ती दुसऱ्या बैठकीच्या ओळीपाशी आली. खालून गोटीचा चमचा ताटावर आपटत होता. तिने लिहिलं, 'न_बघता_औषध_बंद_कर'. वाचून पाहिलं आणि पुढच्या अक्षराकडे वळली.